राजकन्येची गोष्ट आणि आमच्या कन्या

(शास्त्रभाग : एस्तेर, अध्याय २, वचने ५ ते १८, तसाच अध्याय ४ संपूर्ण.)



गेल्या नाताळापूर्वी आमच्या हातून एक चूक घडली. ती प्रथम सांगून टाकतो, म्हणजे पुढील विवेचन आम्ही कोणत्या मनाने लिहिले आहे हे वाचकांस कळेल. रिसोड तालुक्यातील एका लहानशा मंडळीत शब्बाथशाळेच्या मुलामुलींनी एस्तेर राणीच्या कथेचे नाटक बसवावयाचे ठरविले. सोयाबीन घरात आलेले, तुरी शेंगांवर आलेल्या, लोकांस थोडी फुरसत होती. सोंगे वाटण्याचे काम आमच्याकडे आले. एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीला एस्तेरचेच काय, पण हामान आणि मर्दखय ह्यांचेही भाषण तोंडपाठ होते. तथापि आम्ही एस्तेरचे सोंग दुसऱ्या मुलीला दिले व पहिलीला राणीमागे पंखा घेऊन उभी राहणारी दासी केले. असे का केले, ह्याचा त्या वेळी आम्ही विचारही केला नाही. पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून मुकुट तयार केला होता. तो जिच्या डोक्यावर शोभेल असे आमच्या डोळ्यांस वाटले तिला आम्ही राणी केले. दुसरी मुलगी गोरी होती. पहिली नव्हती.

नाटकाच्या रात्री चौथ्या अध्यायाच्या प्रसंगी राणी अडली. पुढचा शब्द तिला आठवेना. तेव्हा मागून दासीने पंखा हालवीत हालवीत हळूच एकेक वाक्य पुरविले आणि राणीने ते म्हटले. हळूच म्हणावे, तर ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेले. मंडळी हसली, आम्हीही हसलो. उपासना संपल्यावर त्या मुलीची आजी मंदिराच्या पायरीजवळ थांबून आम्हांस म्हणाली, “काहून जी पाळकसायेब, माह्या नातीले सारं पाठ व्हतं, तरी तिले दासीच काहून केलं?” आम्ही काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आज आठवत नाही, आणि आठवण्याजोगे ते असेल असेही वाटत नाही.

पुढच्या रविवारी त्या मुलीने स्वतःच आम्हांस विचारले, “पाळकसाहेब, एस्तेर गोरी होती असे शास्त्रात लिहिले आहे काय?”

घरी जाऊन आम्ही शास्त्र उघडले. एस्तेर बांध्याने सुरेख व दिसण्यात सुंदर होती, इतके दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात आहे. वर्णाविषयी एक अक्षरही नाही. उलट गीतरत्नाच्या पहिल्याच अध्यायात जी वधू बोलते ती आपण काळी असून सुंदर आहो असे उघड सांगते, आणि उन्हाने आपला वर्ण असा झाला, भावांनी आपणांस मळ्याच्या राखणीला बसविले, असेही सांगते. आमच्या जिल्ह्यातील निंदणाला जाणाऱ्या कोणत्याही मुलीला ही कैफियत समजेल. सेमिनरीत आम्ही त्या ग्रंथावर निबंध लिहिला होता. परंतु सोंगे वाटताना तो कामास आला नाही.

मग एस्तेर गोरी, हे आमच्या डोक्यात शिरले कोठून? शास्त्रातून नव्हे हे ठरले. तर ते गोष्टींतून शिरले असले पाहिजे. लहानपणी आजीच्या मांडीवर डोके ठेवून ज्या राजकन्या आम्ही ऐकल्या, त्यांनी ते शिकविले. ह्यास्तव आज त्या राजकन्यांचा थोडा विचार करू.

आमच्या देशी कहाण्यांत राजाला बहुधा दोन राण्या असतात, एक आवडती आणि एक नावडती. आवडती महालात राहते. नावडतीला गावाबाहेर झोपडे, अंगावर फाटके, हाती गुरे राखण्याची काठी. नावडतीने काय केले म्हणून ती नावडती, हे कहाणी सहसा सांगत नाही. कथेच्या शेवटी राजाची मर्जी फिरते, तो तिला पालखीत घालून घरी आणतो, आणि ऐकणाऱ्या मुलींना बरे वाटते. पण ध्यानात घ्या, तिचे मोल पहिल्या ओळीत राजाच्या मर्जीवर होते व शेवटच्या ओळीतही राजाच्या मर्जीवरच राहिले. मर्जी बदलली, माप बदलले नाही.

विलायती गोष्टींतही निराळे नाही. सिंड्रेला नावाच्या मुलीची कथा फ्रान्सात शार्ल पेरो ह्याने १६९७ साली छापली व जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली. ग्रिम बंधूंच्या पुस्तकात असा प्रसंग आहे की, राजपुत्राने आणलेला जोडा पायात जावा म्हणून एक सावत्र बहीण आपल्या पायाचे बोट व दुसरी टाच कापून घेते. जोडा पायाच्या मापाने शिवावा हे आमच्या खेड्यांतील कोणताही कारागीर सांगेल. येथे पाय जोड्याच्या मापाने कापला गेला. १९३७ साली अमेरिकेत डिस्नी ह्यांनी हिमगौरीची कथा लांब चित्रपटात घातली, आणि तेव्हापासून ह्या राजकन्या जगभर हिंडत आहेत. आज त्या वाशिमच्या बाजारात मुलींच्या झग्यांवर, दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर बसलेल्या आहेत, व ज्या घरात वीज दिवसातून चार वेळा जाते त्या घरातही मोबाइलच्या काचेतून येऊन नाचतात. ज्या चित्रांवर ही पिढी वाढली त्यांत त्यांचा वर्ण बहुतेक दुधासारखा, कंबर मुठीत मावेल अशी.

ह्यावर कोणी म्हणेल, पाळकसाहेब, मुलांचा खेळ तो, त्यात एवढे काय? आमचेही पूर्वी हेच मत होते. मग काही काळ ह्याच्या अगदी उलट मत झाले, की ह्या सर्व गोष्टी घरातून हद्दपार कराव्या. दोन्ही मते घाईची होती. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील सारा कॉइन नामक विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह १९८ लहान मुलांचा अभ्यास करून २०१६ साली असे प्रसिद्ध केले की, ज्या मुली राजकन्यांच्या चित्रपटांत व खेळण्यांत अधिक रमल्या, त्या वर्षभराने ‘मुलींनी असेच वागावे’ ह्या ठराविक साच्यात अधिक बसलेल्या दिसल्या. हे वाचून आम्हांस आपला पक्ष सिद्ध झालासे वाटले. परंतु त्याच बाईंनी २०२१ साली, मुले काही वर्षांनी मोठी झाल्यावर, पुन्हा पाहून लिहिले की, लहानपणी राजकन्यांत रमलेल्या मुलांमुलींच्या ठिकाणी पुढे पुरुषी वर्चस्वाविषयीचा आग्रह उलट कमी आढळला. तेव्हा गोष्ट सांगणे पाप नव्हे. कोणती राजकन्या सांगतो, आणि तिची गोष्ट कोठे थांबवितो, ह्याकडे पाहिले पाहिजे. आमच्या मते सगळी मेख थांबविण्यातच आहे.

कारण परीकथेतील राजकन्येची गोष्ट कोठे संपते? लग्नात. वरात निघाली की पुस्तक मिटले. पुढे ती दोघे सुखाने नांदली एवढे एक वाक्य. आता एस्तेरचे पुस्तक घ्या. त्यात अध्याय दहा आहेत. अनाथ मुलगी, चुलतभावाने वाढविलेली, परक्या देशात आलेल्या बंदिवान लोकांतली. ती राजवाड्यात जाते आणि राजा तिच्या मस्तकी मुकुट ठेवतो. परीकथेचा सारा मसाला येथे आहे. परंतु हा मुकुट दुसऱ्याच अध्यायाच्या सतराव्या वचनात येतो. पवित्र शास्त्राने पुस्तक तेथे मिटले नाही. पुढे आठ अध्याय आहेत, आणि देवाने एस्तेरला ज्या कामासाठी उभे केले ते सर्व त्या आठांत आहे.

मुकुटापूर्वीची एस्तेर कशी आहे ते पाहा. मर्दखयाने सांगितले म्हणून ती आपले कूळ लपविते. खोजा हेगे जे सुचवील त्यापलीकडे ती काही मागत नाही. बारा महिने तिला उटणी लावतात, सहा महिने गंधरसाचे तेल आणि सहा महिने सुगंधी द्रव्ये. तिचे स्वतःचे म्हणून एकही वाक्य त्या दुसऱ्या अध्यायात लिहिलेले नाही. आमचे पुष्कळ बांधव सुनेत हेच गुण शोधतात, आणि दुसऱ्या अध्यायापाशी थांबलेल्या वाचकाला त्यांस शास्त्राधारही मिळाल्यासारखे वाटते.

ह्या बारा महिन्यांच्या उटण्यांविषयी थोडे विषयांतर करतो. आपल्या देशात १९७५ सालापासून फेअर अँड लव्हली नावाचे मलम विकले जात होते. त्याच्या नावातच गोरेपण आणि गोडपणा ह्यांची जोडी लावलेली होती. २०२० साली लोकमताच्या दडपणाने त्याचे नाव ग्लो अँड लव्हली असे करण्यात आले. नाव बदलले हे ठीक झाले. परंतु आमच्या ख्रिस्ती कुटुंबांतही मुलगी दाखविताना अजून पहिला प्रश्न वर्णाचा निघतो, आणि वर्ण सावळा असेल तर देण्याघेण्याचा आकडा वाढतो, हे आम्ही ऐकीव सांगत नाही. त्या बैठकींत आम्ही बसलेलो आहोत, चहा घेतलेला आहे, आणि शेवटी प्रार्थनाही केलेली आहे. हुंडा घेणे १९६१ सालापासून कायद्याने गुन्हा आहे. आमच्या त्या प्रार्थनेला देवाने काय म्हटले असेल?

असो. चौथ्या अध्यायाकडे येऊ. हामानाने यहूदी लोकांच्या संहाराचा हुकूम एकशे सत्तावीस प्रांतांत धाडला आहे. मर्दखय गोणताट नेसून वेशीबाहेर बसला आहे. एस्तेर प्रथम काय करते? त्याच्यासाठी कपडे पाठविते! राजवाड्यात राहिल्याचा हा परिणाम. दुःख दिसले की वस्त्र पाठवावे. मर्दखय कपडे परत करतो. मग ती हथाक नामक सेवकाला कारण विचारावयास पाठविते, आणि कारण कळल्यावर जे उत्तर देते त्यात परीकथेची सारी हवा निघून जाते. ती म्हणते की, बोलावल्याशिवाय राजापुढे जाणाऱ्याला मरणाची शिक्षा आहे, आणि मला तर तीस दिवसांत बोलावणे आलेले नाही. बंधुभगिनींनो, ही राणी! मुकुट डोक्यावर आहे, आणि नवऱ्याने महिनाभर विचारपूस केलेली नाही. आवडती कोण नि नावडती कोण, हे येथे कोण सांगणार?

आणि ह्याच बाईने, तीन दिवस उपास करा असे सर्वांस सांगून, मेले तर मेले अशा निश्चयाने आतल्या अंगणात पाऊल टाकले. पाचव्या अध्यायात ती राजाला जेवावयास बोलाविते. सातव्यात हामानाकडे बोट दाखवून आपल्या लोकांसाठी बोलते. आठव्यात रडून, पाया पडून, पुन्हा बोलते. नवव्या अध्यायाच्या एकोणतिसाव्या वचनात तर अबीहाईलाची कन्या एस्तेर राणी पूर्ण अधिकाराने पत्र लिहिते, व ते सर्व प्रांतांत जाते. जिचे दुसऱ्या अध्यायात एकही वाक्य नव्हते तिचे नवव्या अध्यायात फर्मान निघाले. आणि लिहिताना ती आता कूळ लपवीत नाही. बापाचे नाव पुढे आहे.

(वश्ती राणीविषयी मुली हटकून विचारतात, की मद्यपान करून बसलेल्या लोकांपुढे रूप दाखवावयास गेली नाही म्हणून तिला काढून टाकले, यात तिचे काय चुकले? आमच्या मंडळ्यांत ह्या बाबतीत बायकांचे मत एक आणि पुरुषांचे दुसरे आहे. आम्ही बायकांच्या बाजूचे.)

आपले विदर्भ तर राजकन्यांचे माहेरच आहे. रुक्मिणी विदर्भाची, दमयंती विदर्भाची, इंदुमती विदर्भाची. अगस्तीची लोपामुद्राही विदर्भराजाचीच कन्या असे महाभारत सांगते. आपल्या वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म; वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी. दहाव्या शतकात राजशेखर पंडिताने आपल्या काव्यमीमांसेत काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह लावला तोही ह्याच वत्सगुल्म नगरात. म्हणजे काव्याचेसुद्धा लग्न लागल्याशिवाय वाशिमकरांस चैन पडले नाही! परंतु ह्या मुलखातील एका राजकन्येची कथा आमच्या मुलींस कोणी सांगत नाही, कारण ती लग्नानंतर सुरू होते. प्रभावतीगुप्ता ही मगधाच्या दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेतील दुसऱ्या रुद्रसेनास ती दिली. तो लवकर वारला, मुले लहान. तेव्हा पाचव्या शतकाच्या आरंभी ह्या विधवेने, रामटेकाजवळील नंदिवर्धन येथून, मुलांच्या वतीने राज्य चालविले. तिने दिलेले ताम्रपट आजही वाचता येतात, आणि त्यांत ती सासरच्या वंशाऐवजी आपल्या पित्याचा गुप्तवंश आधी सांगते. अबीहाईलाच्या कन्येप्रमाणेच. ती आमच्या धर्माची नव्हती. पण गोष्ट खरी आहे आणि येथली आहे, म्हणून सांगावी.

शास्त्रातील इतर राजकन्यांविषयी थोडक्यातच लिहितो. ईजबेल ही सीदोनी राजाची मुलगी होती, आणि तिने नाबोथाचा मळा व जीव दोन्ही घेतली. म्हणजे राजाच्या पोटी जन्मल्याने कोणी चांगली होत नाही. हेरोदियाच्या मुलीने राजापुढे नाचून बक्षीस मागितले, ते काय मागितले हे सर्वांस ठाऊक आहे. उलट फारोच्या मुलीने बापाचा हुकूम मोडून नदीतले परक्याचे मूल उचलले. यहोशेबा राजकन्येने आपल्या भावाच्या तान्ह्या मुलाला कत्तलीतून चोरून काढले व ते सहा वर्षे मंदिरात लपून राहिले. आणि नामानाच्या घरची ती धरून आणलेली लहान इस्राएली पोरगी, जिचे नावही शास्त्राने दिले नाही, तिच्या एका वाक्याने सेनापतीचे कोड गेले. ती दासी होती. आम्ही त्या मुलीला दासीचे सोंग दिले हे अपमान म्हणून दिले नव्हते असे स्वतःस समजावताना हा दाखला आमच्या मनात आला होता. पण तो पळवाट काढण्यासाठी आला, म्हणून त्याचा उपयोग आम्ही त्या आजीजवळ केला नाही.

आता ज्या कारणासाठी लेखणी उचलली ते. लग्नात संपणारी गोष्ट मुलीने हजार वेळा ऐकली म्हणजे लग्न हाच शेवट असे तिलाही वाटते व तिच्या आईबापांसही. मग तो शेवट लवकर आलेला काय वाईट? २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे. त्याआधी १९२९ च्या शारदा कायद्याने ही मर्यादा चौदा होती. तरी २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या १०० स्त्रियांपैकी सुमारे २२ जणींची लग्ने अठराच्या आत झाली होती. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका कुटुंबात दहावीत शिकणाऱ्या मुलीला स्थळ आले. मुलगा पुण्यास नोकरीला, फटफटीवरून आला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. बायका तिला म्हणू लागल्या, तुझा राजपुत्र आला ग! ती लाजली, आणि खुशही झाली. का होऊ नये? तिने आयुष्यभर हीच गोष्ट ऐकली होती. आम्ही वडिलांस कायदा सांगितला, शास्त्र सांगितले. त्यांनी दोन्ही मान हालवून ऐकले. शेवटी उपयोगी पडली ती तिची शाळेतील बाई, जिने घरी येऊन मुलीलाच विचारले, की लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू काय करशील? आणि पाच वर्षांनी? मुलीजवळ उत्तर नव्हते. लग्न पुढे ढकलले गेले. मुलगी सध्या परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. सर्वच ठिकाणी असे होत नाही, हे आम्ही जाणतो.

आमच्या पूर्वजांनी मुलींपुढे कोणाचे उदाहरण ठेवले होते तेही आठवा. अहमदनगरास सिंथिया फॅरार बाईंनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्या पाहून जोतीराव फुल्यांस स्फूर्ती झाली, आणि सावित्रीबाईंनी त्यांच्याजवळ अध्यापनाचे धडे घेतले. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी मरणाऱ्या शेकडो मुलींस घेऊन केडगावास आल्या. त्या मुली केस उतरविलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या. परीकथेत त्यांस कोणी दासीचेही सोंग दिले नसते. रमाबाईंनी त्यांस वाचावयास, विणावयास, शेती करावयास, आणि छापखान्यात खिळे जुळवावयास शिकविले. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी बायबल त्यांच्या १९२२ सालच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण प्रसिद्ध झाले. त्यातील अक्षरे मुक्ति मिशनातील स्त्रियांच्या हातांनी जुळली. आपल्या वाशिमासही, जेथे अनेकांच्या माता बाळंत झाल्या ते रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय, डॉक्टर ऑर्फा स्पायकर ह्या बाईंनी उभे केले.

उपदेशक बंधूंस एवढीच विनंती आहे. गोष्टी बंद करू नका. आजींस कहाण्या सांगू द्या. मात्र वरात निघाली की मुलांस विचारा, पुढे काय झाले? ती राणी दुसऱ्या दिवशी काय करीत होती? तिच्या राज्यात दुष्काळ पडला तेव्हा ती कोठे होती? मुलेच उत्तरे देतील, आणि ती उत्तरे तुमच्या उपदेशाहून बरी असतील. नाताळाची सोंगे वाटताना आधी पाठ म्हणून घ्या, मग तोंडाकडे पाहा. आणि घरात मुलगी बसली असता तिच्यासमोर तिच्या वर्णाची चर्चा करू नका, थट्टेनेही नको. तिने ऐकले नाही असे तुम्हांस वाटते. तिने ऐकलेले असते.

ह्या वर्षी पुन्हा तेच नाटक करावयाचे मंडळीने ठरविले आहे, व ह्या खेपेस ते चौथ्या अध्यायापासून सुरू होईल. आम्ही त्या मुलीच्या घरी जाऊन, आजीसमोर, आमची चूक कबूल केली आणि एस्तेरचे काम तू कर असे तिला म्हटले. तिने थोडा विचार केला. म्हणाली, “एस्तेर तिलाच राहू द्या पाळकसाहेब, आता तिला पाठ झाले आहे, मीच घेतले तिच्याकडून. मला मर्दखय करा.” आजी हसू लागली. दाढी कोठून आणावयाची हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. कोणाकडे नाटकाची दाढी असल्यास त्यांनी कृपा करून नाताळापूर्वी पाठवावी.